वाऱ्याला बांध

एप्रिल-मेमध्ये धाराशिव जिल्ह्यात उन्हाळी नांगरटीला जोर येतो. रब्बी ज्वारी आणि हरभरा निघालेला असतो, काळी जमीन भेगाळून टणक झालेली असते, पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो आणि ट्रॅक्टर सगळी ताकद लावून ताशी चार-पाच किलोमीटरने चाललेला असतो. इंजिनाची याहून कठीण परीक्षा क्वचितच होत असेल. ‘पाणी उकळतंय’ ही तक्रार घेऊन ट्रॅक्टर गॅरेजात येतात ते याच दिवसांत, आणि त्यावर ठरलेले उपाय होतात: रेडिएटर खोलून धुणे, थर्मोस्टॅट काढून टाकणे, पंखा बदलणे आणि शेवटी नवा रेडिएटर. या यादीत एक गोष्ट बहुधा नसते. ती म्हणजे रेडिएटर आणि पंखा यांच्यामध्ये बसणारा पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा घेर. जुन्या ब्रिटिश मोटारींच्या जगात त्याला काऊल म्हणतात; आपल्याकडचे मेकॅनिक श्राऊड किंवा फॅन कव्हर म्हणतात. पट्टा बदलताना तो काढला जातो, एखादा बोल्ट हरवतो, एखादा कान तुटतो, आणि त्याच्यावाचून काही अडत नाही असे समजून तो शेडच्या कोपऱ्यात टाकला जातो. या प्रकरणाचे म्हणणे असे की, त्याच्यावाचून अडते. थंड देशात भरधाव जाणाऱ्या मोटारीचे थोडे अडते, उष्ण आणि कोरड्या प्रदेशात जागच्या जागी राबणाऱ्या यंत्राचे फार अडते. म्हणून हा घेर जोडसामान न मानता रेडिएटरचाच भाग मानला पाहिजे.

आधी इंजिनाच्या उष्णतेचा हिशोब पाहू. इंधन जळून जी ऊर्जा निघते तिच्यापैकी ढोबळमानाने एक-तृतीयांश कामी येते, एक-तृतीयांश धुराबरोबर निघून जाते आणि उरलेल्यातला मोठा वाटा पाण्यात उतरतो. पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पूर्ण भारावर असताना पाण्यातून साधारण २० किलोवॉट उष्णता बाहेर टाकावी लागते, असे धरू. ती वाहून नेणारी हवा रेडिएटरमधून जाताना २५ अंशांनी तापते असे मानले, तर सेकंदाला सुमारे ०.८ किलो, म्हणजे पाऊण घनमीटर हवा त्या जाळीतून गेलीच पाहिजे. जाळीतून न जाता तिच्या बाजूने किंवा वरून निघून गेलेली हवा या हिशोबात धरता येत नाही. हे तत्त्व मोटारीइतकेच जुने आहे. विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या मर्सिडीज ३५ अश्वशक्तीच्या गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखी रचना असलेला रेडिएटर केला. त्यात चौकोनी तोंडाच्या ८,०७० बारीक नळ्या होत्या. हवेला स्पर्श करणारे क्षेत्र एवढे वाढले की अवघ्या ९ लिटर पाण्यावर गाडीचे भागू लागले. पण मायबाख तेवढ्यावर थांबले नाहीत. गाडी हळू चालत असेल तेव्हाही नळ्यांमधून हवा खेचली जावी म्हणून त्यांनी रेडिएटरमागे पंखाही बसवला. म्हणजे क्षेत्र वाढवणे आणि त्या क्षेत्रातून हवा जाईल अशी सोय करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे पहिल्याच आधुनिक रेडिएटरच्या रचनेत स्पष्ट होते. पुढे अनेक ठिकाणी पहिल्या कामावर पैसा खर्च झाला आणि दुसरे दुर्लक्षित राहिले.

पंखा लावला की दुसरे काम झाले, असा समज असतो. पण पंखा करतो काय, हे नीट पाहायला हवे. फिरणारी पाती स्वतःच्या पुढच्या बाजूला किंचित कमी आणि मागच्या बाजूला किंचित जास्त दाब निर्माण करतात. हा फरक अतिशय लहान असतो, आणि हवा नेहमी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सर्वांत सोप्या वाटेने जाते. रेडिएटरची जाळी ही अवघड वाट आहे, कारण तिथे शेकडो पातळ पट्ट्यांमधून घासत जावे लागते. पात्यांच्या टोकाशी असलेली मोकळी जागा ही सोपी वाट. घेर नसेल तर पात्यांनी मागे ढकललेली हवा टोकांवरून वळसा घेऊन पुन्हा पुढे येते, पुन्हा ढकलली जाते, आणि पंखा बराच वेळ तीच ती तापलेली हवा घुसळत बसतो. शेताला पाणी देणाऱ्या माणसाला हे लगेच समजेल. दांड फुटला तर मोटार कितीही जोरात चालली तरी पाणी वाफ्यात न जाता उताराने निघून जाते, आणि त्यावर इलाज मोठी मोटार हा नसून बांध घालणे हा असतो. दुसरा तोटा आकाराचा. रेडिएटर चौकोनी असतो आणि पंखा गोल. ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या जाळीमागे ४० सेंटिमीटर व्यासाचा पंखा असेल, तर पात्यांचे वर्तुळ जाळीच्या ६२ टक्के भागासमोरच येते. मधल्या बोथट तुंब्यामागे पाती नसतातच. चारही कोपऱ्यांसाठी पैसे मोजलेले असतात, पण तिथून हवा जेमतेम हलते. घेर ही दोन्ही कामे एकदम करतो: हवेची परतीची वाट बंद करतो आणि पंख्याची ओढ चारही कोपऱ्यांपर्यंत पसरवतो.

असे असेल तर जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारमध्ये पंख्याभोवती हा घेर सरसकट का नव्हता? १९६२ मध्ये आलेली एमजीबी हे त्याचे ठळक उदाहरण. इंजिनावर पट्ट्याने फिरणारा उघडा पंखा आणि त्याच्यापुढे रेडिएटर, एवढीच तिची व्यवस्था होती. उत्तर वेगात आणि हवामानात आहे. गाडी ताशी १०० किलोमीटरने धावत असताना समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब सुमारे ४६० पास्कल भरतो. तेवढा दाब जाळीतून हवा लोटायला पुरतो आणि पंख्याची गरजच उरत नाही. पण हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग विसावा हिस्सा झाला की दाब चारशेवा हिस्सा होतो, म्हणजे ताशी ५ किलोमीटरला जेमतेम १ पास्कल उरतो. इंग्लंडच्या २० अंशांच्या उन्हाळ्यात, मोकळ्या रस्त्यावर, वेगात चालवण्यासाठी केलेल्या गाडीला उघडा पंखा चालून जात होता. तरीही हवेला वाट दाखवण्याची गरज त्या कारखान्यांना ठाऊक होती. ट्रायम्फच्या टीआर मालिकेतल्या गाड्यांमध्ये पुढच्या जाळीपासून रेडिएटरपर्यंत जाड पुठ्ठ्याचा आडोसा असे, जेणेकरून तोंडातून आत आलेली हवा बाजूने निसटू नये. पुठ्ठा भिजतो, फाटतो आणि पुढच्या मालकाला कचऱ्यासारखा वाटतो, म्हणून तो बहुतेक गाड्यांतून नाहीसा झाला. आज या गाड्या जपणारे लोक तोच आडोसा नव्याने बसवतात, आणि पंख्याभोवतीही काऊल लावतात, कारण त्यांच्या गाड्या आता मोकळ्या रस्त्यापेक्षा शहराच्या गर्दीत जास्त वेळ उभ्या असतात. जग्वार ई-टाइपची गोष्टही याच दिशेने जाते. १९६१ मध्ये ती विजेच्या पंख्यासह आली. १९६८ च्या दुसऱ्या मालिकेत कंपनीने तिचे निमुळते तोंड मोठे केले आणि एकाऐवजी दोन पंखे दिले. गाडी देखणी होती, वेगवान होती. पण हळू चालताना लागणारी हवा तिला स्वतः खेचावी लागे, आणि तिथे मूळ व्यवस्था अपुरी होती.

हा सगळा ब्रिटिश वारसा आपल्यापासून दूरचा नाही. ज्या ट्रायम्फ हेराल्डच्या सांगाड्यावरून १९६२ ची स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स कार घडली, तीच हेराल्ड १९६१ पासून मद्रासची स्टँडर्ड कंपनी ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने भारतात बनवत होती. मॉरिस ऑक्सफर्डची रचना अँबेसिडर होऊन २०१४ पर्यंत आपल्या रस्त्यांवर येत राहिली. शेतीच्या बाजूने पाहिले तर १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्र आणि व्होल्टास यांनी मिळून मुंबईत ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि तिने बी-२७५ हा मूळचा ब्रिटनमध्ये बनणारा ट्रॅक्टर इथे बनवायला सुरुवात केली. या यंत्रांची मूळ आखणी थंड हवेच्या देशात झाली होती. तिथल्या अभियंत्याने ठेवलेली राखीव क्षमता इथे आल्यावर किती उरते, हा प्रश्न कुठल्याही कारखान्याच्या गुणदोषांपेक्षा मोठा आहे. तो भूगोलाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आकड्यांनी काढता येते.

रेडिएटरमधले पाणी ९० अंशांवर आहे असे धरू. बाहेरची हवा २० अंश असेल तर दोघांमधला फरक ७० अंशांचा. धाराशिवच्या मे महिन्यातली ४२ अंशांची हवा असेल तर फरक फक्त ४८ अंशांचा. उष्णता या फरकाच्या प्रमाणात बाहेर जाते, म्हणून तोच रेडिएटर, तोच पंखा आणि तेवढीच हवा असताना क्षमता जवळजवळ एक-तृतीयांशाने घटते. धाराशिव शहर बालाघाटाच्या पठारावर समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचीवर आहे. ही उंची आणि हे तापमान मिळून एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.०५ किलो भरते. समुद्रकाठच्या १५ अंशांच्या हवेचे ते १.२२ किलो असते. पंखा घनमीटर मोजतो, उष्णता मात्र किलोंनी वाहून नेली जाते, म्हणजे इथेही आणखी तूट. शिवाय या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी १०० ऐवजी सुमारे ९८ अंशांवर उकळते. आता यात परत फिरणारी गरम हवा मिसळून पाहू. घेर नसल्यामुळे रेडिएटरसमोर येणारी हवा मूळ तापमानापेक्षा १० अंशांनी जास्त गरम झाली, असे समजा. इंग्लंडमध्ये फरक ७० वरून ६० होतो, म्हणजे तोटा १४ टक्के. धाराशिवमध्ये तो ४८ वरून ३८ होतो, म्हणजे तोटा २१ टक्के. चूक तीच, पण उष्ण प्रदेशात तिची किंमत दीडपट. या प्रकरणाचा सगळा युक्तिवाद या एका तुलनेत आहे: जिथे तापमानाचा फरक मुळातच कमी आहे, तिथे हवेचा अपव्यय सर्वांत महाग पडतो. ज्या देशात घेर ऐच्छिक ठरू शकतो त्या देशाची सवय इथे आणून चालत नाही.

नांगरटीपेक्षाही बोलके उदाहरण मळणीचे आहे. धाराशिव हा सोयाबीनचा जिल्हा. ऑक्टोबरात कळंब, वाशी, भूम, तुळजापूर, लोहारा, कुठल्याही तालुक्यात गेले तरी ट्रॅक्टर एका जागी उभा आणि त्याच्या मागच्या शाफ्टवर मळणी यंत्र चाललेले, हे दृश्य दिसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा आणि ज्वारीसाठी तेच. ट्रॅक्टर उभा असल्यामुळे समोरून येणाऱ्या वाऱ्याची मदत शून्य. इंजिन तासन्‌तास एकाच वेगाने भारावर. आजूबाजूला भुसा आणि धूळ. मळणी यंत्राने मागे फेकलेला भुसा वारा पालटला की ट्रॅक्टरवरच येतो आणि पंखा तो रेडिएटरच्या जाळीकडे ओढतो. अशा वेळी जाळीतून जाणारी सगळी हवा पंख्याच्याच जिवावर जाते, आणि पंखा किती हवा खेचेल हे त्याच्याभोवतीचा घेर ठरवतो. उसाच्या हंगामातही परिस्थिती फार वेगळी नसते. ढोकीच्या तेरणा किंवा रांजणीच्या नॅचरल शुगरकडे दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन निघालेला ट्रॅक्टर फडातून रस्त्यावर चढताना सर्वांत कमी वेगात सर्वांत जास्त भार ओढत असतो. पाठीमागून तेवढ्याच वेगाचा वारा असेल तर रेडिएटरसाठी तो ट्रॅक्टर उभाच आहे. इतकी बेताची परिस्थिती स्पोर्ट्‌स कारच्या वाट्याला फक्त वाहतूक कोंडीत येते. इथे ती कामाचा नेहमीचा भाग आहे.

झाकल्यामुळे थंडावा वाढतो ही कल्पना आपल्या सहज समजुतीच्या उलट आहे. उकडले की खिडकी उघडावी, कपडा सैल करावा, हा अनुभव असल्यामुळे पंख्याभोवतीचा पत्रा काढला की हवा जास्त खेळेल असे वाटते. याच समजुतीला विमानशास्त्राने जवळपास शंभर वर्षांपूर्वी धक्का दिला. १९२० च्या दशकात हवेने थंड होणारी विमानाची गोल इंजिने सिलिंडर उघडे ठेवून बसवत, कारण झाकली तर ती तापतील अशी भीती होती. अमेरिकेच्या नाका या संस्थेच्या लँगले प्रयोगशाळेत फ्रेड वीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ च्या सुमारास या इंजिनांभोवती नीट आकार दिलेले झाकण बसवून वातबोगद्यात चाचण्या घेतल्या. हवेला सिलिंडरांच्या अगदी जवळून जायला भाग पाडले, तेव्हा थंडावा टिकला आणि हवेचा विरोध प्रचंड कमी झाला. लॉकहीडच्या एअर एक्स्प्रेस या विमानाचा कमाल वेग त्या झाकणामुळे ताशी १५७ मैलांवरून १७७ मैलांवर गेला. त्या कामाला १९२९ ची कॉलियर ट्रॉफी मिळाली. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या संशोधन संस्थेतले एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी १९३५ मध्ये पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी आणखी पुढचे दाखवले. रेडिएटर उघड्या वाऱ्यात न ठेवता लहान तोंडाच्या, आत रुंदावत जाणाऱ्या बोगद्यात ठेवला, तर हवा आत येऊन मंदावते, जाळीतून सावकाश आणि सगळीकडून सारखी जाते, आणि विरोधही घटतो. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग विमानाच्या पोटाखालचा रेडिएटर याच तत्त्वावर बसवलेला होता. ट्रॅक्टरला विमानाचा वेग नाही, पण धडा तोच लागू पडतो. थंड करण्यासाठी हवा मोकळी सोडून भागत नाही. ती ठरलेल्या वाटेनेच जाईल अशी बांधून घ्यावी लागते.

यावर घेतले जाणारे आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांतले काही अंशतः खरे आहेत. पहिला असा की, घेर वेगात असताना हवा अडवतो. हे मोटारींच्या बाबतीत खरे आहे. महामार्गावर समोरच्या वाऱ्याचा दाब पंख्यापेक्षा मोठा असतो. त्या वेळी कोपऱ्यांतून सरळ मागे जाऊ शकणारी हवा घेराच्या पत्र्यावर आदळते आणि तिला पंख्याच्या गोल तोंडातूनच जावे लागते. म्हणूनच अनेक मोटारींच्या घेरात रबरी झडपा असतात. पंख्याची ओढ असताना त्या मिटलेल्या राहतात, वाऱ्याचा दाब वाढला की उघडतात. जुन्या स्पोर्ट्‌स कारला काऊल बसवणाऱ्याने ही सोय अवश्य करावी. पण हाच आक्षेप ट्रॅक्टरला, जनरेटरला किंवा उभ्या पंपाच्या इंजिनाला लागू होत नाही, कारण तिथे घेराने अडवावा असा समोरचा वारा नसतोच. दुसरा आक्षेप मोठ्या रेडिएटरचा. जाळी मोठी केली किंवा पंखा जास्त वेगाने फिरवला तर घेराची गरज काय, असे विचारले जाते. मोठी जाळी नक्की उपयोगी पडते. पण तिचे कोपरे पंख्यापासून आणखी दूर जातात, म्हणजे वाढवलेल्या क्षेत्राचा मोठा भाग पुन्हा हवेवाचून राहतो. पंख्याचा वेग वाढवणे त्याहून महाग आहे. हवा वेगाच्या प्रमाणात वाढते, तर लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. हवा २० टक्क्यांनी वाढवायची तर पंखा सुमारे पावणेदोन पट शक्ती खातो, आणि ती डिझेलमधूनच येते. फुकट जाणारी हवा आधी कामी लावणे आणि मग कमी पडलीच तर आणखी खेचणे, हाच क्रम हिशोबाला धरून आहे.

तिसरा आक्षेप शेतकऱ्यांचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो: घेर असला की भुसा अडकतो आणि जाळी साफ करता येत नाही. जाळीत भुसा भरला की चांगल्यात चांगला घेरही निरुपयोगी ठरतो, यात शंका नाही. पण यातून घेर काढून टाकावा असा निष्कर्ष निघत नाही. घेर सहज काढता-घालता यावा, असा निघतो. वर-खाली असे दोन तुकडे करून चार बोल्टांवर बसवलेला घेर काही मिनिटांत सुटतो. पुढच्या बाजूला बारीक जाळी असेल तर भुशाचा मोठा भाग तिथेच अडतो आणि हाताने झटकता येतो. रेडिएटरची जाळी साफ करताना हवा किंवा पाणी इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने मारावे, म्हणजे ज्या वाटेने भुसा आत आला त्याच वाटेने तो बाहेर पडतो; पुढून मारले तर तो आणखी आत रुततो. चौथा उपाय-वजा-आक्षेप म्हणजे थर्मोस्टॅट काढणे. गाडी तापते म्हणून तो काढण्याची पद्धत रूढ आहे. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असेल तर तो बदलणे योग्यच. पण चांगला थर्मोस्टॅट गरम इंजिनात पूर्ण उघडाच असतो, त्यामुळे तो काढून मिळणारा फायदा नगण्य असतो. उलट सकाळच्या वेळी इंजिन फार उशिरा तापते, इंधन नीट जळत नाही आणि झीज वाढते. तूट हवेची असताना पाण्याच्या वाटेत हात घातला जातो, आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. राहता राहिला ‘पूर्वी चालत होते’ हा आक्षेप. पूर्वी चालत होते हे खरे, पण वाटेत थांबून पाणी घालणे, दुपारी काम बंद ठेवणे, ट्रॉली हलकी भरणे या सवयींनी ती तूट माणूस भरून काढत असे. आज त्याच यंत्रावर जास्त तास, जास्त भार आणि भाड्याच्या कामाची घाई आहे. राखीव क्षमता संपलेल्या यंत्रात एका उकळीत हेड वाकू शकते किंवा गॅस्केट जाऊ शकते.

घेर कसा असावा हेही या युक्तिवादातूनच ठरते, कारण चुकीचा घेर नसल्याइतकाच वाईट असतो. त्याची कड रेडिएटरच्या चौकटीला चारही बाजूंनी टेकली पाहिजे आणि फटीत रबर किंवा फोमची पट्टी हवी. कड जाळीवर कधीही टेकवू नये आणि बोल्टही जाळीत घुसवू नयेत. कंपनाने नळी घासून गळती सुरू होते. जाळी आणि पंख्याचे तोंड यांच्यात काही सेंटिमीटर खोली हवी. सपाट पत्र्यात गोल भोक पाडून तो जाळीला चिकटवला तर कोपऱ्यांतल्या हवेला आडवे सरकायला जागाच राहत नाही. गोल तोंडात पात्यांची साधारण निम्मी रुंदी आत आणि निम्मी बाहेर असावी. पाती पूर्ण आत असली तर हवा बाहेर पसरू शकत नाही, पूर्ण बाहेर असली तर वळसा पुन्हा सुरू होतो. टोकांभोवतीची फट जितकी कमी तितके चांगले, पण इंजिन हलते हे विसरता येत नाही. रबरी माउंटिंगवर डोलणाऱ्या मोटारीच्या इंजिनाला १२ ते २५ मिलिमीटर मोकळीक ठेवतात. बहुतेक ट्रॅक्टरांत इंजिन हाच सांगाड्याचा भाग असल्याने ते फारसे डोलत नाही आणि फट त्याहून कमी चालते. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून पट्टा, होज पाइप आणि खालचा ड्रेन कॉक यांना जागा राहते का हे पाहावे, मग पत्रा कापावा. बसवल्यावर परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू असताना रेडिएटरच्या पुढच्या बाजूने, पंख्यापासून पूर्ण दूर राहून, जाळीच्या चारही कोपऱ्यांवर कागदाचा तुकडा धरावा. कोपऱ्यात तो मधल्याइतकाच घट्ट चिकटला तर हवा सगळीकडून जात आहे. धूर देणारी उदबत्ती कडेच्या फटीजवळ नेली तर गरम हवा परत पुढे येते आहे का, तेही दिसते.

नव्या ट्रॅक्टरांत कंपनी घेर बसवूनच देते, मग एवढे सांगण्याची गरज काय, असे कोणी म्हणेल. गरज आहे, कारण यंत्राचे आयुष्य कारखान्याच्या दाराशी सुरू होते आणि पुढची पंधरा-वीस वर्षे गावातल्या गॅरेजांत जाते. ज्या भागाचे काम डोळ्याला दिसत नाही तो भाग दुरुस्तीत पहिला जातो. ब्रिटिश मोटारींचा पुठ्ठा असाच गेला, आणि त्या मोटारी जपणाऱ्यांना अनेक दशकांनी तो परत करावा लागला. आपल्याकडे तेवढा वेळ घालवण्याचे कारण नाही. तालुक्यातल्या आयटीआयमध्ये ट्रॅक्टर आणि डिझेल मेकॅनिकचे शिक्षण देताना हा घेर रेडिएटरच्या धड्यातच शिकवला गेला पाहिजे, पंख्याच्या टिपेत नव्हे. सेकंडहँड ट्रॅक्टर घेताना टायर आणि हायड्रॉलिकबरोबर घेर जागेवर आहे का हे पाहिले पाहिजे. आणि यंत्र तापू लागले तर क्रम ठरलेला असावा: आधी जाळी साफ, मग घेर आणि त्याच्या फटी, मग पट्ट्याचा ताण, पाणी, टोपण आणि थर्मोस्टॅटची तपासणी, आणि सर्वांत शेवटी नव्या रेडिएटरचा विचार. हा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो, आणि वरचा हिशोब बरोबर असेल तर बऱ्याच वेळा शेवटच्या पायरीपर्यंत जाण्याची वेळच येणार नाही. दुष्काळी जिल्ह्यात यंत्रावरचा प्रत्येक खर्च पिकाच्या भरवशावर होतो. तिथे एका पत्र्याच्या घेराने वाचणारा रेडिएटर, वाचणारे हेड आणि ऐन हंगामात न बुडणारा दिवस ही शेतीच्या नफ्या-तोट्यात मोजावी अशी रक्कम आहे.